नाक, अब्रू आणि ‘दुरुस्ती’
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



पैनगंगेच्या या परिसरात आपल्या कानांवर दोन भाषा पडतात. सरळमार्गी माणसाला मराठी ‘नाकासमोर चालणारा’ म्हणते आणि तेलुगूही त्याला ‘मुक्कुसूटी’, म्हणजे नाकाच्या रेषेतला, म्हणते. अब्रू गेली की आपले नाक कापले जाते. नाक हे असे प्रतिष्ठेचे रूपक झाले आहे.

एका माणसाच्या बाबतीत हे रूपक अक्षरशः खरे ठरले. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्यानजीक विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने मेणाच्या पत्र्याने माप घेतले, कपाळाची कातडी वळवली आणि त्याला नवे नाक दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापली. त्याच पद्धतीने जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली. एका बातमीने केवढे काम केले!

कावसजीच्या बाबतीत ‘दुरुस्ती’ हा शब्द यथार्थ होता. भाजलेल्या माणसाला, दुभंगलेल्या ओठाच्या बालकाला ही विद्या आजही वरदान आहे. तथापि आता जाहिराती आणि त्यांच्या वळणाच्या बातम्या धडधाकट नाकाचीही ‘दुरुस्ती’ करू लागल्या आहेत. दुरुस्ती म्हटली की मोडतोड आपोआप गृहीत धरली जाते. दक्षिण कोरियात तर ‘रूप हीसुद्धा स्पर्धाशक्ती’ हे बोल रूढ झाले. रूप हे असे भांडवल ठरले, की शस्त्रक्रिया ही गुंतवणूक होते आणि ती न करणारी मुलगी आळशी ठरते. सुरीच्या आधी शब्द चालतो, तो असा.

आपल्या घरांतही ‘नाकीडोळी नीटस’ हे शब्द स्थळ पाहताना सहज उच्चारले जातात. ते ऐकणारी मुलगी मग आरशात काय शोधते, याचा विचार आपण करतो का?

म्हणून ग्रंथालयाकडे माझे एकच मागणे आहे. येथे वर्तमानपत्र उघडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला शब्दाला प्रश्न विचारण्याची सवय लागावी. ‘दुरुस्ती’ वाचताच त्यांनी विचारावे : मोडले काय होते?