ॲलर्जीचं यंत्र काय सांगतं, काय नाही

ॲलर्जीची कातडीवरची तपासणी आता यंत्रानेही होऊ लागली आहे. आणि 'यंत्राने सांगितलं' म्हटलं की आपण पुढे काही विचारतच नाही, म्हणून आज हा विषय.

तपासणी कशी होते? हाताच्या आतल्या बाजूला धूळ, परागकण, दूध, शेंगदाणा अशांच्या अर्काचे थेंब ठेवतात आणि थेंबातून कातडीला जरासं टोचतात. १५-२० मिनिटांनी डास चावल्यासारखी गांधी उठली तर ती मोजतात. नुसत्या मिठाच्या पाण्याच्या थेंबापेक्षा ती ३ मिलिमीटरने तरी मोठी असली, की 'पॉझिटिव्ह'. शिवाय हिस्टामाइनचा एक थेंब असतो. त्याची गांधी सगळ्यांनाच उठायला हवी. ती उठली नाही तर तपासणी वाया गेली. बरेचदा कारण असतं आदल्या दिवशी घेतलेली सेट्रिझिनसारखी गोळी. ती काही दिवस आधी थांबवावी लागते, पण डॉक्टरांना विचारूनच. ही गोळी यंत्रालाही फसवते.

यंत्राचा फायदा खरा आहे. माणसाचा हात कधी हलका पडतो, कधी जड. बेल्जियममध्ये तयार झालेलं एक यंत्र एकाच वेळी १० ठिकाणी सारखंच टोचतं, गांध्यांचे फोटोही काढतं. हाताने टोचण्यापेक्षा त्याच्या मापात फरक कमी पडतो, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. तेव्हा टोचणं-मोजणं यापुरता भरवसा ठेवायला हरकत नाही.

पण गांधी उठली म्हणजे ते खाऊन त्रास होतोच, असं नाही. आमच्या गटातल्या एका ताईंनी रिपोर्ट बघून मुलाचं दूध, अंडी, शेंगदाणे, सगळं बंद केलं. मी विचारलं, "दूध पिऊन त्याला कधी काही झालं होतं का?" म्हणाल्या, "नाही हो, शिंका तर झाडलोट करताना यायच्या." वाढत्या पोराच्या ताटात मग उरलं काय? उलट, काही खाऊन कुणाचे ओठ सुजले, धाप लागली असेल, तर रिपोर्ट काहीही येवो, घरी पुन्हा खाऊ घालून बघू नका.

निंदताना गाजर गवताने हाता-तोंडाला खाज येते, चट्टे पडतात, त्याला ही तपासणी चालत नाही. त्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवतात. आणि हातात दांडी धरायला देऊन किंवा डोक्याचा केस घेऊन ॲलर्जी सांगणारे जे येतात, त्यांना पैसे देऊच नका.

तपासणीला जाताना वहीत लिहून न्या: काय खाल्लं, कुठलं काम करत होतो, किती वेळाने काय झालं. डॉक्टर तो कागद रिपोर्टशेजारी ठेवून बघतात. तपासणीत क्वचित जोराची रिॲक्शन येते, म्हणून डॉक्टर आणि ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ आहे ना, तेही आधी विचारा.