कारागिराचा आनंद

घरांतील खुर्ची, खिडकीचा पडदा, भिंतीवरील कागद ह्या वस्तू कोणीं घडविल्या आणि घडवितांना त्याच्या चित्ताची स्थिति काय होती, हा प्रश्न गिऱ्हाईक सहसा विचारीत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील कांहीं विचारवंतांनीं तो विचारला आणि त्यांतूनच 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' ही हस्तकलेची चळवळ जन्मास आली.

१८५१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें देशोदेशींच्या मालाचें मोठें प्रदर्शन भरलें. यंत्रांच्या कर्तृत्वानें लोक दिपून गेले. परंतु मालावर नक्षीची जी खैरात होती, तिचा वस्तूच्या उपयोगाशीं मेळ बसत नाहीं, हें जाणत्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. १८५३ मध्यें जॉन रस्किन यांनीं व्हेनिसच्या वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथांत ह्या दोषाचें मूळ दाखविलें. जन्मभर एकाच वस्तूचा एकच तुकडा घडविणाऱ्या मजुराची बुद्धि गंजते. उलट मध्ययुगीन पाथरवटाच्या ओबडधोबड कामांत त्याचें मन मोकळें असल्याची खूण सांपडते, असें त्यांचें प्रतिपादन होतें.

ऑक्सफर्डचे तरुण विद्यार्थी विल्यम मॉरिस यांच्यावर ह्या विचाराचा खोल ठसा उमटला. पुढें स्वतःच्या संसारासाठीं त्यांनीं मित्र फिलिप वेब यांच्याकडून 'रेड हाउस' बांधविलें; पण बाजारांत मनाजोगें सामान मिळेना. तेव्हां मित्रमंडळींनीं तें स्वतःच सिद्ध केलें आणि १८६१ मध्यें त्यांची कंपनी निघाली. कंपनीचे एक भागीदार, चित्रकार बर्न-जोन्स, यांचे साडू जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ सालीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिक्षक म्हणून आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील उठावशिल्पें त्यांचींच.

प्रत्येक धंदा आधीं स्वतःच्या हातांनीं शिकावयाचा, अशी मॉरिस यांची रीत होती. रासायनिक रंगांचा भडकपणा त्यांना रुचेना. म्हणून १८७५ पासून लीक येथील रंगारी टॉमस वॉर्डल यांच्या कारखान्यांत ते नीळ आणि मंजिष्ठ यांचे प्रयोग करूं लागले. पुढें मर्टन ॲबी येथील त्यांच्या स्वतःच्या कारखान्यांत निघालेलें, १८८३ सालचें 'स्ट्रॉबेरी थीफ' हें छापील कापड पहा. तें प्रथम निळींत बुडवीत, मग नक्षीपुरता रंग उडवीत आणि शेवटीं लांकडी ठशांनीं इतर रंग छापीत. घाईच्या माणसाचें तें काम नव्हे.

१८८७ सालीं लंडनमध्यें अशा कलावंतांची व कारागिरांची संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षीं तिचें पहिलें प्रदर्शन भरलें. आराखडा काढणाराबरोबर वस्तु घडविणाऱ्याचेंहि नांव देण्याचा प्रघात तिनें पाडला. त्याच १८८८ सालीं सी. आर. ॲशबी यांनीं पूर्व लंडनमध्यें कारागिरांचा संघ काढला व १९०२ मध्यें तो चिपिंग कॅम्डन ह्या लहानशा गांवीं नेला.

परंतु हाताच्या कामास वेळ लागतो आणि वेळेस दाम पडतो. समतेचा कैवार घेणाऱ्या मॉरिस यांचे पडदे बहुधा श्रीमंतांच्याच दिवाणखान्यांत लागले. यंत्राच्या स्वस्त मालापुढें टिकाव न लागून ॲशबी यांचा संघहि पांचसहा वर्षांतच गुंडाळावा लागला. मग चळवळ फसली काय? बाजाराच्या हिशेबानें फसली खरी. मात्र वस्तूच्या किंमतींत ती घडविणाऱ्याचें सुख धरावें कीं नाहीं, हा तिनें टाकलेला प्रश्न कोणत्याहि यंत्रास खोडतां आलेला नाहीं.