चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला
थीम पार्कच्या सहलीत मुक्कामाचा हिशेब कसा करावा, याविषयी खातेदार मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर



बचतीच्या मेळाव्यात सहलीचा विषय कशाला, असे तुमच्यापैकी काहींना वाटले असेल. पण आपण बचत कशासाठी करतो ते आठवा. आजारपण, शिक्षण, घर, म्हातारपण. या यादीत मुलांची सुट्टी सहसा लिहिलेली नसते. ती येते मात्र दरवर्षी. मग तिचा खर्च दुसऱ्या कुठल्या तरी खान्यातून होतो. मे महिन्यात सहल होते आणि जूनमध्ये शाळेची फी भरताना ओढाताण होते. सहल करू नका, असे मी सांगणार नाही. मुलांना वर्षातून एकदा पाळण्यात, पाण्यात, नव्या गावात घेऊन जावे असे प्रत्येक आईबापाला वाटते, आणि ते योग्यच आहे. त्या सहलीतला जो खर्च सर्वांत जास्त चकवतो, त्याबद्दल आज बोलू. तो म्हणजे मुक्काम.

मुद्दा एकच आहे. खोलीचा भाव म्हणजे मुक्कामाचा खर्च नव्हे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण घेऊ. हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी. १९९६ साली ती सुरू झाली. जगातले सर्वांत मोठे फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून तिची गिनेस बुकात नोंद आहे. शहराबाहेर, विजयवाड्याकडे जाणाऱ्या महामार्गावर ती आहे. पाहायला एक पूर्ण दिवस लागतो. इंदूर, बडोदा, बेळगाव, बंगळुरू, कुठूनही जाणाऱ्या कुटुंबापुढे राहण्याचे तीन पर्याय असतात. पहिला, फिल्म सिटीच्या आवारातलीच हॉटेले. तिथे सितारा हे महागडे, तारा हे मधले आणि शांतिनिकेतन हे त्याहून साधे, अशा पायऱ्या आहेत. दुसरा, शहराच्या त्याच टोकाला एल. बी. नगरच्या आसपासची साधी हॉटेले. तिसरा, नामपल्ली, कोटी किंवा सिकंदराबाद अशा मध्यवस्तीतले लॉज.

आता एक हिशेब मांडू. यातले आकडे फक्त रीत समजावी म्हणून घेतले आहेत. ते कुठल्या हॉटेलचे भाव नाहीत. तुम्ही जाल तेव्हा त्या जागी तुमचे आकडे घाला.

नवरा-बायको, तेरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी, असे चौघे जण. गाडी सकाळी सहाला पोचते. मुक्काम दोन रात्री.

पहिला लॉज मध्यवस्तीत. मोबाइलवर भाव दिसतो रात्रीला १,२०० रुपये. दोन रात्रींचे २,४००. खोली दोघांची, म्हणून मुलासाठी जादा गादी रात्रीला ४००, म्हणजे ८००. खोली मिळण्याची वेळ दुपारी बाराची, आपण सकाळी सहाला दारात, म्हणून लवकर खोली देण्याचे ५००. झाले ३,७००. त्यावर ५ टक्के जीएसटी १८५. म्हणजे ३,८८५. नाश्ता भाड्यात नाही. चौघांचा दोन सकाळचा नाश्ता ६४०. फिल्म सिटीला जायला-यायला गाडी ठरवली, १,८००. स्टेशनवरून लॉजवर आणि परत रिक्षा ३००. एकूण ६,६२५ रुपये.

दुसरे हॉटेल एल. बी. नगरला. भाव दिसतो १,९००. पहिल्या लॉजपेक्षा रात्रीला ७०० जास्त, म्हणून आपले बोट पुढे सरकते. पण थांबा. खोली चौघांची आहे, जादा गादी लागत नाही. नाश्ता भाड्यात धरलेला आहे. हिशेब चोवीस तासांचा आहे, म्हणजे सकाळी सातला खोली घेतली तर परवा सकाळी सातपर्यंत आपली. दोन रात्रींचे ३,८००, जीएसटी १९०, म्हणजे ३,९९०. स्टेशनवरून मेट्रोने जाण्या-येण्याचे चौघांचे ४८०. तिथून फिल्म सिटीला शहर बसने जाऊन-येऊन ४००. एकूण ४,८७० रुपये.

भावाने महाग दिसणारे हॉटेल १,७५५ रुपयांनी स्वस्त पडले. पहिल्या लॉजचा भाव ही चार आण्याची कोंबडी होती. बारा आण्याचा मसाला गादीत, गाडीत आणि नाश्त्यात होता.

नेहमी असेच होईल असे नाही. मुले लहान असतील, जादा गादी लागत नसेल, गाडी दुपारी पोचत असेल आणि तुम्हाला चारमिनार, सालारजंग संग्रहालयही पाहायचे असेल, तर मध्यवस्तीतला लॉजच स्वस्त पडेल. म्हणूनच अंदाज न बांधता कागदावर मांडायचे. आवारातल्या हॉटेलचे पॅकेज पाहाल तेव्हा आणखी एक काम करा. त्यात प्रवेश तिकीट धरलेले असेल, तर तेवढी रक्कम आधी वजा करा आणि मग तुलना करा. नाही तर पॅकेज आहे त्यापेक्षा महाग दिसते. जेवण धरलेले असेल तर तेही वजा करा, पण आपण खरोखर जेवणार असू तेवढेच.

खोली घेण्याआधी स्वतःला आणि हॉटेलवाल्याला पाच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न स्वतःला. खोलीत आपण जागे किती वेळ असणार? पार्कच्या दिवशी सकाळी आठला निघून रात्री आठला परत. मग पोहण्याचा तलाव, मोठी गॅलरी यांचे पैसे कशाला द्यायचे? आपल्याला हवी स्वच्छ चादर, पाणी, पंखा आणि आतून नीट लागणारी कडी. मात्र या चार गोष्टींत तडजोड करू नका. कुटुंबासह राहून गेलेल्यांचे अलीकडचे अभिप्राय वाचा.

दुसरा प्रश्न. चौघांचे मिळून किती? “खोली कितीला” असे विचारले की दोघांचा भाव सांगतात. मुलांची वये सांगा आणि मग भाव घ्या.

तिसरा प्रश्न. खोली कधी मिळणार, कधी सोडायची? हिशेब चोवीस तासांचा की दुपारी बाराचा? सोडल्यावर सामान ठेवू देता का, आणि त्याचे पैसे पडतात का?

चौथा प्रश्न. नाश्ता किती वाजता? बाहेरचे खाणे आत नेऊ न देण्याचा नियम बहुतेक पार्कांत असतो आणि आतले खाणे महाग असते. सकाळी पोटभर नाश्ता झाला तर दुपारचा खर्च कमी होतो. पण नाश्ता नऊला आणि आपण आठला निघणार असू, तर त्या नाश्त्याचा उपयोग नाही.

पाचवा प्रश्न. परतीचे वाहन कोणते? जाताना बस मिळते. संध्याकाळी सगळे एकदम बाहेर पडतात, तेव्हा काय? स्थानिक सवलतींवर हिशेब बांधू नका. तेलंगणात महिलांना सरकारी बसमध्ये ठरावीक प्रकारच्या गाड्यांत मोफत प्रवास आहे, पण तो त्या राज्यातल्या रहिवाशांसाठी. बाहेरून आलेल्या ताईंना तिकीट काढावे लागते.

आता कराविषयी. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. पूर्वी साध्या खोलीवर १२ टक्के होता. साध्या खोलीच्या बिलावर अजून १२ टक्के लावलेले दिसले तर विचारा. लॉजवर थेट पैसे भरत असाल आणि बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल, तर कराच्या नावाने पैसे घेता येत नाहीत. आणि हॉटेलातल्या जेवणाच्या बिलात सेवा शुल्क आपोआप जोडले असेल, तर ते द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे. ते सक्तीने घेता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. ऐकले नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मोबाइलवर खोली घेताना तीन गोष्टी सांभाळा. “फक्त एकच खोली शिल्लक” असे लाल अक्षरांत दिसले की घाई करू नका. पहिल्या पानावर १,२०० आणि शेवटच्या पानावर १,६५० असे झाले, तर तिथेच थांबून वाढ कशाची ते वाचा. आणि न मागता विमा किंवा देणगीच्या चौकटीत खूण केलेली असेल तर ती काढा. खोटी घाई, थेंबाथेंबाने वाढवलेला भाव आणि न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, हे तिन्ही प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरवले आहेत. त्यांची तक्रार करता येते.

याहून मोठा धोका खोट्या बुकिंगचा आहे. लोक हॉटेलचे नाव शोधतात आणि समोर आलेल्या पहिल्या नंबरवर फोन लावतात. तो नंबर हॉटेलचा असेलच असे नाही. समोरचा गोड बोलतो, खोलीचे फोटो पाठवतो, आगाऊ रक्कम मागतो. मग सांगतो, “पैसे अडकले, परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.” हे वाक्य ऐकले की फोन ठेवा. यूपीआयमध्ये पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. पैसे भरताना पिन टाकण्याआधी पडद्यावरचे नाव वाचा. हॉटेलऐवजी कुणा भलत्याच माणसाचे नाव दिसले तर थांबा. फसगत झालीच तर लाजू नका आणि उद्यावर ढकलू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणखी एक. हॉटेलच्या काउंटरवर ओळखपत्र द्यावेच लागते. आधारची प्रत देणार असाल तर मास्क केलेले आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आता पैसा कुठून आणायचा. हल्ली सहलीसाठी कर्ज, सहलीसाठी हप्ते सहज मिळतात. क्रेडिट कार्डावर फक्त किमान रक्कम भरून उरलेली पुढे ढकलली, तर अनेक कार्डांवर महिन्याला ३ टक्क्यांहून जास्त व्याज लागते. दोन दिवसांच्या सहलीचे हप्ते पुढच्या दिवाळीपर्यंत भरत बसायचे, हे छोट्या पगाराला झेपणारे नाही.

त्यापेक्षा उलटे करा. आधी हप्ते, मग सहल. समजा प्रवास, मुक्काम, तिकिटे आणि जेवण मिळून खर्च १८,००० रुपये येणार आहे. जूनमध्ये बँकेत नऊ महिन्यांची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, सुरू करा. महिना २,००० रुपये. मार्चमध्ये १८,००० आणि वर थोडे व्याज हातात येते. मार्चच का? कारण रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. मेच्या सहलीचे तिकीट मार्चमध्ये काढायचे, तर पैसेही मार्चमध्येच हवेत. पोस्टाची आरडी चांगली, पण ती पाच वर्षांची असते. या कामाला बँकेतलीच बरी. महिना २,००० जड वाटत असतील तर १,००० टाका आणि सहल ९,००० ची करा. एक रात्र कमी, जवळचे पार्क, पण कर्ज नाही.

क्रमही लक्षात ठेवा. आधी रेल्वेचे तिकीट पक्के होऊ द्या, मग खोली घ्या. तिकीट प्रतीक्षा यादीत असताना “पैसे परत मिळणार नाहीत” अशा अटीची खोली, ती दीडशे-दोनशे रुपयांनी स्वस्त आहे म्हणून, घेऊ नका. प्रतीक्षा यादीतले ई-तिकीट पक्के झाले नाही तर रेल्वे थोडे शुल्क कापून पैसे परत करते. खोलीचे परत येत नाहीत. मुलांना ऐनवेळी तापही येतो. रद्द करता येणारी खोली थोडी महाग असते, पण लहान मुलांच्या घराला तीच परवडते.

आणि शेवटी, सहलीच्या खान्यातले पैसे संपले तर फीच्या किंवा औषधपाण्याच्या खान्याला हात लावायचा नाही. हे घरातल्या मोठ्यांनी निघण्याआधीच एकमेकांशी ठरवा. मुलांनाही रक्कम सांगा. आपल्याकडे एवढे आहेत, त्यात काय काय करायचे, असे विचारलेत तर दहा वर्षांचे मूलही नीट हिशेब करते. पैशाचा तो पहिला धडा ठरतो.

या पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आज रात्री दोन रकाने आखा. एका हॉटेलचा एक, दुसऱ्याचा दुसरा. खाली ओळी लिहा. खोली, जादा माणूस, लवकर खोलीचे पैसे, कर, नाश्ता, स्टेशनवरून येणे-जाणे, पार्कला येणे-जाणे, रद्द केल्यास परतावा. ओळी भरा, बेरीज करा आणि मगच खोली ठरवा.

तुमची सुट्टी आनंदाची जावो.