फिरत्या कलावंताचा मुक्काम

प्रेक्षागृह भरले आणि मानधन हाती पडले, म्हणजे कलावंताचा दौरा सफल झाला असे सामान्यतः मानले जाते. पण दौऱ्याचे फळ एवढेच मोजावयाचे काय? १८४२ साली उत्तर कानड्यातील कर्कीच्या भागवत मंडळींनी सांगलीत खेळ केले. ते पाहून तेथील अधिपतींना तसा खेळ आपल्याकडेही व्हावा असे वाटले, आणि पुढच्याच वर्षी विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. मराठी नाटकाला अशी चालना मिळाली ती परभाषिक फिरत्या मंडळींच्या मुक्कामामुळे.

पुढे नाटक कंपनी हीच कलावंताची शाळा झाली. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँसारखे तबलावादक साथीला असत. तरुण नटाच्या कानावर रोज पडे ते त्यांचे वादन. कर्नाटकात गुब्बी वीरण्णांच्या कंपनीनेही हेच कार्य केले. त्या कंपनीत बालपणी दाखल झालेल्या बी. व्ही. कारंत यांना वीरण्णांनी उच्च शिक्षणासाठी बनारसला पाठविले. तेथे त्यांनी पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे संगीताचेही धडे घेतले. हेच कारंत पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले.

अशा कंपन्यांचे युग सरले. आजचा कलावंत सकाळी गाडीतून उतरतो, सायंकाळी प्रयोग करतो आणि रात्री परततो. त्याला टाळ्या मिळतात. पण त्याचे दोष दाखविणारा, त्याला नवे काही शिकविणारा जाणकार कोठे भेटावयाचा?

बेंगळुरूने या प्रश्नाकडे लक्ष दिले आहे. तेथे १९९३ साली स्थापन झालेली ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ ही संस्था कलाविषयक संशोधनास व प्रयोगांस अनुदान देते. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेले शंकर नाग १९९० साली निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांच्या परिश्रमाने २००४ साली ‘रंगशंकरा’ उभे राहिले. तेथे अनेक भाषांतील नाटके होतात. नाट्यगृहालगत उपाहारगृह आहे, पुस्तकांचे दुकान आहे. खेळानंतर चार माणसांनी बोलत बसावे अशी ही जागा आहे.

मात्र जागा असून भागत नाही, वेळही हवा. महाराष्ट्राबाहेर गेलेला मराठी संच पुष्कळदा मराठी मंडळींपुढेच प्रयोग करून परततो. शेजारच्या कन्नड नटाला त्याची वार्ताही नसते. हा दोष कलावंताचा नव्हे. बहुतेकांना नोकरी सांभाळावी लागते आणि दहा-बारा माणसांचा एक दिवसाचा खर्चही थोडा नसतो. म्हणून आयोजकांनी दौऱ्याच्या अंदाजपत्रकातच मुक्कामाचा एक अधिक दिवस धरावा. त्या दिवशी सकाळी स्थानिक कलावंतांसमवेत तालीम व्हावी आणि सायंकाळी त्यांचा खेळ पाहावा. पुढच्या दौऱ्याची निमंत्रणे अशा ओळखींतूनच येतात. हा खर्च आतिथ्याचा नाही, शिक्षणाचा आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे तो करताना हात आखडणार नाही.