समाजआरतीचा न्याय आणि आपली पोरं

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात गावच्या विठ्ठल मंदिरात केलेलं भाषण)





आज आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. आपल्या पणज्यांनी बैलगाडीत शिधा घालून ही वाट धरली. आता ट्रक आहे, टँकर आहे, तंबू आहेत. मागच्या शंभर वर्षांचं गुणगान सकाळपासून झालं, ते व्हायलाच पाहिजे. मला चालकांनी सांगितलं, तात्या, तुम्ही पुढच्या शंभर वर्षांवर बोला. आता पुढची शंभर वर्षं काय माझ्या हातात नाहीत. ज्यांच्या हातात आहेत ती तिकडं खांबाला टेकून उभी आहेत. म्हणून मी पोरांवर बोलणार आहे, पण बोलणार आहे पुढं बसलेल्या पांढऱ्या डोक्यांशी.

माउलींच्या सोहळ्यात रोज संध्याकाळी तळावर समाजआरती होते. तुम्ही सगळ्यांनी ती बघितलेली आहे. पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार चोप वर करतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी गप्प होत नाही. ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार काय करतात? ‘यांना हाकला’ म्हणतात का? नाही. ते स्वतः त्या दिंडीजवळ जातात, काय झालं ते विचारतात आणि तिथल्या तिथं न्याय करतात. न्याय झाला की टाळ थांबतो आणि मगच आरती होते.

बघा बरं का, केवढी मोठी रीत आहे ही! तक्रार करणाऱ्याला आपल्या पंथानं बंडखोर म्हटलेलं नाही. वाजवत राहा, तुझ्यापर्यंत आम्ही येऊ, असं म्हटलं आहे.

आता मला सांगा, आपल्या घरात, गावात, दिंडीत पोरांचा टाळ वाजतोय की नाही? वाजतोय. पण आपल्याला तो कसा ऐकू येतो? पोरगं उलट बोलतं, पोरगं मोबाइलमधून डोकं वर काढत नाही, रात्री उशिरा येतं, जेवताना ताटावरनं उठतं. आपण म्हणतो, बिघडलं. अहो, ते टाळ वाजवतंय! चोपदार काही त्याच्यापर्यंत जात नाही.

हे मी दुसऱ्याला सांगतोय, पण चूक आधी माझी आहे. ती आज सगळ्यांसमोर सांगतो.

काही वर्षांपूर्वी गावच्या सप्त्यात काल्याचं कीर्तन माझं होतं. मंडप भरलेला. मागं पारावर एक पोरगा मोबाइल बघत बसलेला मला दिसला. कीर्तनकाराला लोक हसवायची खोड असते, मलाही आहे. मी त्याच्याकडं बोट केलं आणि म्हणालो, ‘हे बघा आमचे साहेब! भरती होणार होते, आता पारावर भरती झालेत.’ सगळा मंडप हसला. मलाही बरं वाटलं. त्या पोरानं मोबाइल खिशात घातला आणि निघून गेला.

त्यानंतर तो मंदिरात आला नाही. त्या साली वारीलाही आला नाही. लहानपणापासून बापाचा हात धरून चालणारं पोरगं ते! माझ्या काही ध्यानात आलं नाही. एक दिवस त्याची आई माझ्या बांधावर आली. मी उसाला पाणी देत होतो. ती म्हणाली, ‘तात्या, त्या दिवशी दोन मार्कांनी त्याची पोलीस भरती गेली होती. ते यादीच बघत बसलं होतं. तुम्ही हसवलंत, गाव हसलं, माझं पोरगं दोन दिवस जेवलं नाही.’

माझ्या हातातलं खोरं हातातच राहिलं. तीस वर्षं कीर्तन करतोय, दया, क्षमा, शांती सांगतोय, आणि एका पोराला भर समाजात उघडं केलं. त्याचा बाप आदल्या वर्षी वारलेला. त्याच्या बाजूनं बोलायला मंडपात कुणी नव्हतं. ज्यानं बोलायचं तो मीच हसवत होतो.

मी त्याच्या घरी गेलो. पहिल्या दिवशी ते बोललंच नाही, गोठ्यात निघून गेलं. दुसऱ्या वेळी मी चहा पिऊन परत आलो. तिसऱ्या वेळी मी हात जोडले, म्हणालो, ‘चुकलं माझं.’ तेव्हा ते म्हणालं, ‘तात्या, तुम्ही सगळी मोठी माणसं आमच्याविषयी बोलता. आमच्याशी कधी कोण बोलतंय?’

माउली, हे वाक्य मी पोथीत वाचलेलं नाही. ते मला त्या गोठ्यात मिळालं.

पुढच्या वारीला मी त्याला म्हणालो, चल. तो म्हणाला, ‘येऊन काय करू? टँकरवर पाणी भरू?’ दरवर्षी आपण पोरांना तेच सांगतो ना? पाणी आण, तंबू ठोक, पंगत वाढ, खरकटं उचल. सेवा आहे ती, वाईट नाही. पण तंबू कुठं ठोकायचा हे ठरवताना आपण त्यांना विचारत नाही. मी म्हणालो, ‘तुला काय दिसतं दिंडीत कमी, ते सांग.’ त्यानं लगेच सांगितलं, ‘म्हातारी माणसं चुकतात.’

खरं होतं. पुण्यात दोन दिवस मुक्काम, तिथं गर्दीत दरवर्षी एक-दोन माणसं चुकायची. मग निम्मी दिंडी शोधायला. त्या पोरानं चार मित्र गोळा केले. प्रत्येक वारकऱ्यासाठी एक कार्ड केलं. त्यावर नाव, गाव, दिंडीचा नंबर, दोन फोन नंबर, आणि साखरेची, बीपीची गोळी चालू असेल तर ती. प्लॅस्टिकमध्ये घालून माळेबरोबर गळ्यात. मी चौथी शिकलेला, मला हे सुचलंही नसतं आणि लिहिताही आलं नसतं. त्या साली फलटणला आपली एक म्हातारी चुकली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या दिंडीनं तिचं कार्ड वाचलं आणि फोन केला. अर्ध्या तासात ती आपल्या पंगतीला येऊन बसली. आज ते कार्ड तुमच्या सगळ्यांच्या गळ्यात आहे. ते कुणाच्या डोक्यातनं आलं हे मात्र स्मरणिकेत छापलेलं नाही, म्हणून मी इथं सांगतोय.

आता लेकींचं ऐका. आपल्या दिंडीत कॉलेजात जाणाऱ्या सात-आठ मुली चालतात. एका साली नीरेला दुपारच्या विसाव्याला एका मुलीला चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालंय. टँकर शेजारी उभा, आणि पोरीच्या अंगात पाणी नाही! आमच्या घरच्या मंडळींनी मुलींना जवळ घेऊन विचारलं, तेव्हा कळलं. तळावर संडास लांब, वाटेत अंधार, पुरुषांची ये-जा. म्हणून त्या दुपारनंतर पाणीच प्यायच्या नाहीत. किती वर्षं हे चाललं होतं? त्यांच्या आयांनीही तेच सोसलं होतं. शंभर वर्षांच्या दिंडीत ही गोष्ट कुणी विचारली नाही, आणि पोरींना सांगायची लाज वाटली. त्यानंतर मुलींचा तंबू कुठं लावायचा हे मुलीच ठरवतात. जवळ आडोसा, दिवा, आणि रात्री दोन बायका जाग्या. खर्च फार आला नाही. विचारायलाच काय ती शंभर वर्षं लागली.

कुणी म्हणेल, तात्या, आपल्या पंथात मोठ्यांचा मान असतो, पोरांना डोक्यावर कशाला बसवता? अहो, आपला पंथ उभा कुणाच्या खांद्यावर आहे? चार पोरांच्या! निवृत्तिनाथ, ज्ञानोबा, सोपान, मुक्ताई. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेलं, घरात मोठं माणूस कुणी नाही. आणि त्या वेळच्या मोठ्या माणसांनी या लेकरांना काय सांगितलं? पैठणहून शुद्धिपत्र आणा! उपाशी लेकरांकडं कागद मागितला. आजही पोरगं दारात आलं की आपण कागदच मागतो. किती मार्क पडले, नोकरी कधी लागणार, पगार किती.

पण नेवाशाला काय झालं बघा. १२९० साली माउलींनी तिथं ज्ञानेश्वरी सांगितली. वय पंधरा-सोळा. नऊ हजार ओव्या! आणि त्या लिहून घेतल्या सच्चिदानंदबाबांनी. त्या संसारी माणसानं ‘पोराला काय कळतंय’ असं म्हटलं असतं, तर आज आपण कशाचं पारायण केलं असतं? आणि ज्ञानोबा जगावर रुसून ताटी लावून बसले, तेव्हा त्यांना बाहेर कुणी आणलं? सगळ्यांत धाकट्या मुक्ताईनं. धाकट्याचं थोरल्यानं ऐकलं, हा आपल्या घरचाच संस्कार आहे. पुढं जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. पोरांना काही येत नाही असं म्हणत बसले नाहीत, शिकायला जागा करून दिली.

आता गावाचं बोलतो. आपली पोरं पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पळतात. भरतीचा सराव. समोरून उसाचे ट्रॅक्टर, त्यांना मागं दिवा नसतो. पोरांनी ग्रामपंचायतीला अर्ज दिला, गायरानाचा तुकडा सपाट करून द्या आणि अभ्यासाला एक खोली द्या. अर्ज पडून राहिला. पोरं म्हणाली, ‘तात्या, आमचं कोण ऐकत नाही, तुम्ही चला.’ मी ग्रामसभेत गेलो, दिंडीची दहा-बारा माणसं संगं नेली. पण बोललो नाही. उठून एवढंच म्हणालो, ‘ही पोरं बोलतील, त्यांचं पुरं होईपर्यंत मधी कुणी बोलायचं नाही.’ तेवढंच माझं काम. पोरं अशी बोलली की मीच बघत राहिलो. तीन ग्रामसभा गेल्या. खोली मिळाली, तिथं आता रात्री अकरापर्यंत दिवा असतो. मैदान अजून झालेलं नाही. चौथ्या सभेलाही आपण जायचं आहे.

सरकार १८ वर्षांच्या पोराला मत देतं. २१ व्या वर्षी ते ग्रामपंचायतीला उभं राहू शकतं. आणि आपल्या दिंडीच्या बैठकीत चाळिशीच्या आत एक माणूस नाही! मागच्या साली पोरांनी भिशीचा हिशेब फळ्यावर लिहा म्हटलं, तर केवढं वादळ झालं. कुणी म्हणालं, आम्हाला चोर ठरवता काय? अरे बाबांनो, हिशेब मागितला म्हणजे चोर म्हटलं असं होत नाही. ज्याला उद्या चालवायचं आहे तोच हिशेब विचारतो. ज्याला सोडून जायचं आहे तो कशाला विचारील? हिशेब लिहिला, पै न् पै जुळली. उलट त्या साली वर्गणी वाढली.

पोरं सगळीच गुणाची आहेत, असं मी म्हणत नाही. काही दारूला लागली, काही पैशाच्या खेळाला मोबाइलवर बसली. त्यांना रागवायलाही पाहिजे. पण रागवायचा हक्क त्यालाच, ज्यानं आधी जवळ बसवून विचारलंय. शेतीत राहिला म्हणून पोरगी मिळत नाही, परीक्षा देऊन देऊन वय निघून चाललं, बापावर कर्ज आहे. हे ओझं घेऊन पोरगं एकदम गप्प झालं, तर ‘येईल वळणावर’ म्हणून सोडू नका. गप्प झालेला टाळ वाजणाऱ्या टाळापेक्षा वाईट. आपल्या आशाताईंनी सांगितलं आहे, १४४१६ हा सरकारचा फोन आहे, मनावर ओझं असलेल्यानं कधीही लावावा, पैसे पडत नाहीत. तो नंबर मी मंदिराच्या भिंतीवर लिहून घेतलाय. लाजू नका.

शताब्दीच्या निमित्तानं माझं मागणं तीनच गोष्टींचं आहे. दिंडीच्या बैठकीत तिशीच्या आतली दोन मुलं आणि दोन मुली घ्या, नुसत्या बसायला नाही, मत द्यायला. वारीत एका मुक्कामाची सगळी व्यवस्था पोरांच्या हातात द्या. जागा, शिधा, पैसा, सगळं. चुकलं तर चुकू द्या, आपणही चुकूनच शिकलो. आणि कीर्तनकार मंडळींना माझी विनंती, पोरांची टिंगल करून हशा मिळवू नका. मी मिळवला आहे, तो फार महाग पडतो.

तो पोरगा आज काय करतो विचाराल. पोलीस झाला नाही. शेती करतो, दूध घालतो. वारीत माझ्या पुढं चालतो. मागच्या वर्षी तरडगावच्या अलीकडं माझे गुडघे भरून आले, तेव्हा न विचारता त्यानं माझ्या खांद्यावरची वीणा उतरवून स्वतःच्या गळ्यात घेतली. मी मागनं मोकळ्या हातानं चाललो. मला एवढंच वाटलं, चला, वीणा खाली ठेवायची वेळ आली नाही.

आज संध्याकाळी घरी जाल, तेव्हा पोराला काही सांगू नका. नुसतं जवळ बसा आणि विचारा, बाळा, काय झालं?

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!