पुढे चाल



मागल्या महिन्यात एका खेड्यातल्या गुरुजींचे पत्र आले. त्यांच्या सातवीच्या वर्गात फुटबॉलच्या विश्वचषकाची गोष्ट निघाली, तेव्हा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, आपला संघ अनवाणी खेळायचा, म्हणून त्याला विश्वचषकात घेतलं नाही, हे खरं का?" गुरुजींनीही लहानपणी हेच ऐकलेले. त्यांनी हो म्हणून सांगितले, आणि घरी गेल्यावर त्यांना शंका आली. ती त्यांनी आमच्याकडे धाडली आहे. आलेली शंका कागदावर उतरवून पोस्टात टाकणारा शिक्षक मला फार आवडतो. तेव्हा आजचा सगळा वेळ त्यांच्या पत्राला.

एका वाक्यात उत्तर द्यायचे तर असे: आपल्याला कोणी घेतले नाही असे झाले नाही, जागा मिळाली होती, आपणच गेलो नाही. पण ती जागा मिळाली कशी, हे कळल्यावाचून या उत्तरात काही अर्थ नाही. म्हणून थोडे मागून सुरुवात करू.

पात्रता फेरी म्हणजे काय, हे शाळेतल्या मुलांना सांगावे लागत नाही. तालुक्याला जिंकेल तो संघ जिल्ह्याला, जिल्ह्याला जिंकेल तो विभागाला, आणि तिथून राज्याला. विश्वचषकाचेही तेच. साऱ्या जगाचे संघ एका ठिकाणी बोलावून कसे चालेल? म्हणून आधी जवळपासचे देश गट करून आपापसांत खेळतात आणि त्यांतून निवडलेले मुख्य स्पर्धेला जातात. ज्याच्या घरी स्पर्धा, त्या यजमान देशाला ही पायरी माफ. पूर्वी मागच्या वेळच्या विजेत्यालाही ती माफ असे.

आता या तालुका-जिल्ह्याच्या खेळात एक शब्द आपल्या सर्वांच्या कानावरचा आहे: 'पुढे चाल'. समोरचा संघ आलाच नाही, की पंच आपल्याला पुढे चाल देतात. मी शाळेत असताना आमच्या हुतूतूच्या संघाला अशी एकदा मिळाली होती. समोरच्या गावाची मुले ओढ्याला पूर आल्यामुळे अडकली. पंचांनी आम्हा सात जणांना मैदानात उभे केले, घड्याळ पाहिले, शिट्टी फुंकली, झाले! आम्ही जिंकलो होतो, पण अंगाला माती लागली नव्हती. हसावे की नाही तेच कळेना. दुपारी दुसऱ्या फेरीत आमची गाठ पडली ती सकाळपासून दोन सामने खेळून तापलेल्या पोरांशी. काय झाले ते सांगत नाही.

भारताला १९५० साली मिळाली ती अशीच पुढे चाल.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ आणि १९४६ हे दोन विश्वचषक झालेच नव्हते. १९३८ नंतर बारा वर्षांनी ब्राझीलमध्ये स्पर्धा भरायची होती. जागा सोळा. यजमान ब्राझील आणि मागचा विजेता इटली यांना दोन; उरलेल्या चौदांसाठी पात्रता फेरी. भारताच्या गटात ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाईन्स हे देश होते. तिघांनीही एकामागून एक माघार घेतली. भारताने चेंडूला पाय न लावता गट जिंकला. मुख्य स्पर्धेत इटली, स्वीडन आणि पराग्वे यांच्या गटात भारताचे नाव पडले. आणि मग स्पर्धेच्या तोंडावर आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने कळवले की आम्ही येत नाही.

का? इथेच ती बुटांची गोष्ट येते. गोष्ट अगदीच हवेतली नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू खरोखरच अनवाणी खेळले होते. फ्रान्ससारख्या संघाला त्यांनी चांगले झुंजवले. दोन पेनल्टी वाया गेल्या, तरी हार झाली ती २-१ अशी, एकाच गोलाने. बूट घातलेल्यांशी उघड्या पायांनी इतकी झुंज दिली, याचे तिथल्या लोकांना नवल वाटले. त्यावरून पुढे गोष्ट रचली गेली की जागतिक संघटनेने अनवाणी खेळायला बंदी केली आणि आपल्या मानी खेळाडूंनी बूट घालण्यापेक्षा घरी राहणे पसंत केले. ऐकायला बरी वाटते. तिच्यात दोष परक्याचा आहे आणि मान आपला आहे. अशी गोष्ट लवकर मरत नाही.

पण हिशेब करून पाहा. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्येही आपले कित्येक खेळाडू अनवाणीच उतरले होते. १९५० साली बंदीमुळे घरी बसावे लागले म्हणावे, तर दोनच वर्षांनी त्याच उघड्या पायांनी ते ऑलिंपिकमध्ये कसे खेळले? हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले, आणि त्यानंतर मात्र आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. म्हणजे बूट पायांत चढवले ते त्या दहा गोलांनी.

महासंघाने त्या वेळी दिलेली कारणे निराळीच होती: संघनिवडीवरून मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. ब्राझीलचा प्रवास लांबचा आणि खर्चाचा, हेही खरेच. परंतु त्या खर्चाचा मोठा भाग उचलण्याची तयारी यजमानांनी दाखवली होती असे सांगितले जाते. त्या संघाचे नेतृत्व शैलेन मन्ना यांच्याकडे यायचे होते. बूट ही नंतरची सबब होती, आपल्या कारभाऱ्यांना विश्वचषकाची किंमत कळली नव्हती, त्यांच्या लेखी ऑलिंपिक हेच सर्व काही होते, असे मन्ना यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. मला हे पटते. आणि त्या कारभाऱ्यांना फार नावे ठेवावीत असेही वाटत नाही. तो चौथाच विश्वचषक होता. आज त्याला जे मोल आहे ते तेव्हा नव्हते. स्कॉटलंडने इंग्लंडच्या मागे दुसरा क्रमांक मिळवून जागा कमावली, पण आम्ही पहिले आलो तरच जाऊ म्हणून हट्टाने घरी राहिला. तुर्कस्तानने सीरियाला ७-० असे हरवले आणि तोही गेला नाही. शेवटी सोळांच्या जागी तेराच संघ खेळले.

पण मला वाटते, या माघारीत आणखीही एक गोष्ट असावी. जे न खेळता हाती येते त्याची किंमत आपल्याला चटकन कळत नाही. तीन देशांना हरवून, गुडघे फोडून आपण ती जागा मिळवली असती, तर इतक्या सहज सोडली असती का? आता तुम्ही म्हणाल, बरे झाले गेलो नाही, अब्रू तरी राहिली. स्वीडन १९४८ चा ऑलिंपिक विजेता होता. इटली जगज्जेता होता. १९४९ च्या विमान अपघातात त्याचे तोरिनो संघातले नामवंत खेळाडू गेले होते आणि संघ बोटीने ब्राझीलला आला, तरी तो इटलीच. आपण हरलो असतो, बहुधा दणकून हरलो असतो. पण मग हेलसिंकीचा धडा दोन वर्षे आधी मिळाला असता.

पुढे चाल मिळाली म्हणून कोणी लेचापेचा ठरत नाही, याचा पुरावा त्याच स्पर्धेत आहे. दक्षिण अमेरिकेत उरुग्वेच्या गटातल्या इक्वेडोर आणि पेरू यांनी माघार घेतली होती, त्यामुळे उरुग्वेही पात्रता फेरीत एकही सामना न खेळता ब्राझीलला आला. मुख्य स्पर्धेतही त्याच्या गटात गळती होऊन एकटा बोलिव्हिया उरला. त्याला त्यांनी ८-० असे हरवले. आणि १६ जुलै १९५० रोजी, रिओच्या माराकाना मैदानावर, सारा ब्राझील विजयाच्या तयारीत बसलेला असताना, उरुग्वेने यजमानांना २-१ असे हरवून विश्वचषक नेला. पुढे चाल मिळालेले दोघे: एक जगज्जेता झाला आणि एक बंदरापर्यंतही गेला नाही.

आता दुसरी हकिकत सांगतो. ती वेल्सची. वेल्स म्हणजे इंग्लंडला लागून असलेला कोळशाच्या खाणींचा लहानसा देश. १९५८ च्या विश्वचषकासाठी वेल्सच्या गटात चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनी होते. वेल्स दुसरा आला. दुसऱ्याला जागा नव्हती. म्हणजे खेळ संपला.

तिकडे आशिया आणि आफ्रिकेच्या विभागात निराळाच पेच पडला होता. राजकारणापायी इस्रायलशी खेळायला कोणी तयार नव्हते. तुर्कस्तानने नकार दिला, इंडोनेशियाने तटस्थ मैदान मागितले, ते न मिळाल्याने तोही बाजूला झाला, शेवटी सुदानही. इस्रायल एकही सामना न खेळता विभागाचा विजेता ठरत होता. पण आता नियम होता की यजमान आणि मागचा विजेता सोडून कोणालाही निदान एक सामना खेळल्याशिवाय मुख्य स्पर्धेत जाता येणार नाही. तेव्हा इतर गटांत दुसरे आलेल्या देशांच्या चिठ्ठ्या टाकल्या. आधी बेल्जियमचे नाव निघाले. बेल्जियमने नको म्हटले. मग निघाली वेल्सची चिठ्ठी.

दुसऱ्याने नाकारलेली ती चिठ्ठी वेल्सने घेतली. १५ जानेवारी १९५८ रोजी इस्रायलमध्ये जाऊन २-० असा सामना जिंकला, आणि ५ फेब्रुवारीला आपल्या कार्डिफ शहरी पुन्हा २-० असाच. या दुसऱ्या सामन्याची आठवण माणसाच्या मनातून जात नाही, ती वेगळ्या कारणाने. वेल्सचे व्यवस्थापक जिमी मर्फी हे मँचेस्टर युनायटेड या मोठ्या संघाचेही उपव्यवस्थापक होते. वेल्सच्या सामन्यासाठी ते कार्डिफला थांबले, म्हणून युनायटेडबरोबर परदेशी गेले नाहीत. दुसऱ्याच दिवशी, ६ फेब्रुवारीला, म्युनिकच्या विमानतळावर त्या संघाचे विमान कोसळले. मर्फींनी हाताखाली वाढवलेली तरुण मुले त्यात गेली. मर्फी वाचले ते एका पात्रता सामन्यामुळे.

त्याच उन्हाळ्यात मर्फी वेल्सला घेऊन स्वीडनला गेले. हंगेरीशी बरोबरी, मेक्सिकोशी बरोबरी, यजमान स्वीडनशी बरोबरी. मग जादा सामन्यात हंगेरीवर २-१ असा विजय, आणि वेल्स उपांत्यपूर्व फेरीत! तिथे गाठ ब्राझीलशी. वेल्सचा सर्वांत मोठा खेळाडू जॉन चार्ल्स जखमी होऊन बाहेर बसलेला. तरी तासभर त्यांनी ब्राझीलला गोल करू दिला नाही. अखेर झाला तो एकच, आणि तो केला सतरा वर्षांच्या पेले नावाच्या मुलाने. त्यानंतर वेल्सला विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत यायला २०२२ साल उजाडावे लागले. मधे चौसष्ट वर्षे गेली.

आपले पुढे काय झाले? १९५१ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. तिथे ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, त्यांतले तीन गोल मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या मैदानांवर खेळणारे नेव्हिल डिसूझा यांचे. १९६२ साली जाकार्ताला पुन्हा आशियाई सुवर्णपदक. आपले फुटबॉलचे सर्वांत चांगले दिवस ते हेच. आणि या साऱ्या वर्षांत भारत विश्वचषकाच्या पात्रता फेरीत एकही सामना खेळला नाही! पहिला सामना खेळला तो १९८५ साली, इंडोनेशियाशी, आणि २-१ असा हरला. तोवर आशियातले कितीतरी देश पुढे निघून गेले होते.

अलीकडचे एकच सांगतो. ११ जून २०२४ रोजी दोहा येथे कतारविरुद्ध आपला पात्रता सामना होता. जिंकलो असतो तर तिसऱ्या फेरीत गेलो असतो. तीही विश्वचषकाची नव्हे, त्याच्या वाटेवरचीच एक पायरी. लल्लियानझुआला छांगटेच्या गोलाने आपण १-० असे पुढे होतो. ७३ व्या मिनिटाला आपला गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू याने चेंडू अडवला, तो घरंगळत रेषेबाहेर गेला, आणि कतारच्या खेळाडूंनी तो बाहेरून ओढून आत गोल केला. चित्रफितीत स्पष्ट दिसते. पंचांना दिसले नाही, आणि चित्र पाहून निर्णय तपासण्याची सोय त्या फेरीत नव्हती. पुढे ८५ व्या मिनिटाला आणखी एक गोल झाला आणि सामना २-१ असा गेला. तक्रार केली, निकाल तोच राहिला. त्या रात्री किती घरांत हळहळ झाली! १९५० साली मात्र अख्खी जागाच हातची सोडली, तर देशभर कोणी फारसे हळहळल्याचे दिसत नाही.

गुरुजींनी पत्राच्या शेवटी विचारले आहे, वर्गात आता काय सांगू? गुरुजी, आपण चुकीचे सांगितले होते हे आधी सांगा. मुलांना त्याचे काही वाटत नाही, उलट गंमत वाटते. मग १९५० च्या स्पर्धेतला तो तिसरा गट फळ्यावर लिहा. स्वीडन, सामने २. इटली, सामने २. पराग्वे, सामने २. भारत, सामने ०. बूट घातलेली फुली कुठेच काढू नका.