पंपावरचं पेट्रोल आणि छोटं विमान



पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. या रस्त्यावरच्या पंपांवर आज जे साधं पेट्रोल मिळतं, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या मोटारी आणि दुचाकी त्यावर धावतात. पण हेच पेट्रोल कॅनमध्ये भरून नेऊन मायक्रोलाइट या अतिहलक्या विमानात किंवा पाठीवर इंजिन बांधून उडायच्या पॅरामोटरमध्ये ओतलं तर काय होईल, हे आज मला सांगायचं आहे. रस्त्यावर इंजिन बंद पडलं तर गाडी कडेला घेता येते. हवेत ती सोय नाही.

आधी एक शंका दूर करतो. नवी मुंबई विमानतळावरून उडणाऱ्या मोठ्या जेट विमानांचा या पेट्रोलशी संबंध नाही. त्यांचं इंधन रॉकेलच्या जातीचं असतं. बारामती, धुळे इथं ज्या छोट्या विमानांवर वैमानिक शिकतात, त्यांतल्या बहुतेक पिस्टन इंजिनांना ॲव्हगॅस १०० एलएल लागतं. ते निळ्या रंगाचं असतं आणि त्यात इथेनॉल नसतं. पूर्वी ते परदेशातून आणावं लागे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलनं आपल्या गुजरात रिफायनरीत तयार केलेलं ॲव्हगॅस बाजारात आणलं आणि २०२३ च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या उरणच्या न्हावा-शेवा बंदरातून त्याची पिंपं पापुआ न्यू गिनीला रवानाही झाली.

प्रश्न येतो तो मोटारीचं पेट्रोल चालणाऱ्या हलक्या इंजिनांचा. एनसीसीचे छात्र ज्या व्हायरस मायक्रोलाइटमधून उडतात, तिच्यात रोटॅक्स ९१२ इंजिन असतं. रोटॅक्स कंपनी या इंजिनाला इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत चालू देते, वीस टक्के नाही. लायकॉमिंग कंपनीच्या मान्य इंधनांत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल बसतच नाही. पॅरामोटरची बहुतेक इंजिनं टू-स्ट्रोक असतात आणि त्यांचं पेट्रोल सर्रास पंपावरूनच आणलं जातं. म्हणून सर्वांत जास्त सावध राहायला हवं ते पॅरामोटर उडवणाऱ्यांनी.

इथेनॉलला माझा विरोध नाही. २००१ साली देशात त्याचे पहिले प्रयोग झाले, तेव्हा तीन ठिकाणांपैकी मनमाड आणि मिरज ही दोन आपल्या महाराष्ट्रातली होती. उसाला त्यातून मागणी मिळाली, आयात तेलाचा खर्च वाचला. ब्राझीलमध्ये तर इपानेमा हे शेतीफवारणीचं विमान निव्वळ इथेनॉलवर उडतं. २००४ साली त्याला तसं प्रमाणपत्र मिळालं. मात्र त्याचं इंजिन आणि इंधनाची सगळी यंत्रणा इथेनॉलसाठी जुळवून, तपासून घेतलेली आहे. आपल्या हातातलं इंजिन तसं नाही.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही. ते टाकीच्या तळाशी बसतं आणि उड्डाणाआधी तळाचं इंधन काचेत काढलं की थेंब डोळ्यांना दिसतो. इथेनॉल मात्र पाणी स्वतःत विरघळवून घेतं, त्यामुळे नमुना स्वच्छ दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. कोकणातल्या पावसाळी हवेत अर्धी रिकामी टाकी ओल धरत राहते. मग विमान वर चढतं. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते आणि थंड इंधनाला तेवढं पाणी पेलत नाही. पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी थर करतात. इंजिनाला इंधन तळाकडूनच मिळतं. टू-स्ट्रोकमध्ये तर या थरात वंगणाचं तेलही नसतं.

दुसरा धोका रबराचा. इथेनॉलसाठी न बनवलेल्या नळ्या, सील आणि काही फायबरच्या टाक्यांचं अस्तर त्यानं फुगतं, मऊ होतं. सुटलेले कण कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात अडकतात.

तिसरा धोका मिश्रणाचा. इथेनॉल जाळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. कार्बोरेटरचा जेट न बदलता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल वापरलं, तर त्या इंधनाच्या मानानं हवा जास्त होते. टू-स्ट्रोक इंजिन त्यानं तापतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो. शिवाय इथेनॉलची ऊर्जा कमी, म्हणून त्याच टाकीत उड्डाणाचा पल्लाही घटतो.

मग करायचं काय? पहिलं काम, इंजिनाचं माहितीपुस्तक उघडा आणि इथेनॉलची मर्यादा वाचा. दुकानदाराचं किंवा मित्राचं तोंडी आश्वासन पुरेसं नाही. दुसरं, पेट्रोल तपासा. शंभर मिलिलिटरची खुणांची काचनळी घ्या. तिच्यात दहा मिलिलिटर पाणी आणि नव्वद मिलिलिटर पेट्रोल घाला. बूच लावून हलवा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. खालचा पाण्याचा थर दहाच्या खुणेवरच राहिला, तर इथेनॉल नाही. तो वर सरकला, तर आहे. हे काम उघड्या हवेत, आगीपासून दूर करा आणि तो नमुना टाकीत परत ओतू नका.

पाणी घालून इथेनॉल धुऊन काढण्याचा उद्योग काही जण करतात. तो अजिबात करू नका. इथेनॉलबरोबर ऑक्टेनही जातो आणि पेट्रोलमध्ये ओल राहते. तिसरं, पेट्रोल लागेल तेवढंच आणा, घट्ट झाकणाच्या भरलेल्या डब्यात ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. पावसाळ्यात इंजिन बंद ठेवायचं असेल, तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. नळ्या आणि सील दर हंगामाच्या सुरुवातीला हातानं दाबून पाहा, चिकट किंवा कडक वाटले तर बदला. शेतातल्या फवारणी पंपाला आणि गवत कापायच्या यंत्रालाही हीच काळजी लागू आहे.

ॲव्हगॅस महाग पडतं, हे मला मान्य आहे. पण उत्पादकानं ज्याला लेखी परवानगी दिलेली नाही, ते इंधन स्वस्त म्हणून भरण्यात बचत नाही. आपल्या टाकीत काय आहे हे ज्याला नक्की सांगता येत नाही, त्यानं त्या दिवशी उड्डाण करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.